बॉयलरचं प्रेशर उतरतंय म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय, ते शोधायचं कसं

यूकेत नवीन आलेल्या आपल्या मंडळींचा ऑक्टोबर-नोव्हेंबरात एक ठरलेला फोन येतो, "अरे रेडिएटर गार पडलेत आणि बॉयलरवर कसलातरी एफ वन लिहून आलंय". मी विचारतो काटा कितीवर आहे, तर पलीकडून "कसला काटा?" आता यात त्यांची काही चूक नाही, पुण्यात बाथरूममधला गीझर सोडला तर गरम पाण्याच्या यंत्राशी आपला संबंध येतो कुठे, आणि घरातल्या जमिनीखालून, भिंतीतून गरम पाणी फिरत असतं ही गोष्ट मलाही इथे येऊन दोन वर्षं झाली तरी नीट कळली नव्हती. तर ज्यांचा काटा (बॉयलरवरचा, पाण्याचं प्रेशर दाखवणारा) एकदम पडत नाही, हळूहळू उतरतो, आठवड्याला थोडा, महिन्याला थोडा, त्यांच्यासाठी हे लिहितोय. एकदम पडला आणि छतातून पाणी गळतंय असं असेल तर वाचत बसू नका, पाण्याचा मेन कॉक बंद करा, बॉयलर बंद करा आणि प्लंबरला फोन लावा.

आधी ही भानगड काय आहे ते. इथल्या बहुतेक घरांत कॉम्बी बॉयलर (हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही एकाच यंत्रातून) असतो आणि त्याच्या हीटिंगचं पाणी म्हणजे एक बंद चक्कर. बॉयलर तापवतो, पंप ढकलतो, रेडिएटरमधून फिरून तेच पाणी परत येतं. नळाला येणारं गरम पाणी वेगळं, ते मेनमधून येतं आणि जातं. हीटिंगचं पाणी मात्र वापरून संपत नाही, त्यामुळे "हिवाळ्यात हीटिंग जास्त लावली म्हणून प्रेशर कमी झालं" हे कुणी सांगितलं तर सोडून द्या. बंद चक्करमधलं प्रेशर आपोआप उतरतं ते मुख्यतः दोनच कारणांनी, एक तर पाणी बाहेर जातंय, नाहीतर सिस्टीममध्ये जी हवेची उशी ठेवलेली असते ती गेलीय (तिच्याबद्दल पुढे, कारण खरी गंमत तिथेच आहे).

बॉयलर गार असताना काटा १ ते १.५ बारच्या (बार म्हणजे प्रेशर मोजायचं माप) मध्ये असावा. हीटिंग चालू झाली की पाणी फुगतं आणि काटा २ च्या आसपास जातो, हे नॉर्मल. ३ बारला सेफ्टी वॉल्व्ह उघडतो, आपल्या कुकरच्या सेफ्टी वॉल्व्हसारखाच, आणि पाणी घराबाहेर सोडतो. खूप खाली गेलं की बॉयलर चालूच होत नाही आणि कोड दाखवतो, आयडियल लॉजिकवर एफ१, व्हेलंटवर एफ२२, बॅक्सीवर ई११९, सगळ्यांचा अर्थ एकच की पाण्याचं प्रेशर कमी आहे.

तुमच्या घरात लॉफ्टमध्ये हीटिंगची छोटी टाकी असेल (जुन्या घरांत असते) तर ती उघडी सिस्टीम, तिला असा प्रेशरचा काटाच नसतो, हा लेख तुमच्यासाठी नाही. आणि भाड्याच्या घरात असाल तर सगळ्यात आधी घरमालकाला किंवा एजंटला ईमेल करा. इंग्लंडमध्ये हीटिंग आणि गरम पाण्याची यंत्रणा दुरुस्त ठेवणं १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टच्या कलम ११ नुसार मालकाचं काम आहे. आपले लोक उगाच भिडेखातर स्वतः पैसे घालतात.

अजून एक, आणि हे गंभीरपणे सांगतोय. बॉयलरचं कव्हर उघडायचं नाही. कित्येक बॉयलरमध्ये ते कव्हर म्हणजे नुसतं झाकण नसतं, जळलेला वायू घरात येऊ नये म्हणून जे सील असतं त्याचा तो भाग असतो. गॅसचं काम गॅस सेफ रजिस्टरवर (गॅसचं काम करायची परवानगी असलेल्यांची अधिकृत यादी) नाव असलेल्या माणसानेच करायचं, तो आला की कार्ड मागायचं, त्यात लाजायचं काही नाही. खाली जे सगळं लिहिलंय ते कव्हरच्या बाहेरचं आहे. गॅसचा वास आला तर ०८०० १११ ९९९.

पहिलं काम, वही

बहुतेक जण काय करतात, काटा खाली आला की पाणी भरतात, परत आला की परत भरतात, आणि सहा महिन्यांनी सांगतात "अधूनमधून भरावं लागतं". अधूनमधून म्हणजे किती? कुणालाच माहीत नसतं. म्हणून एकदा नीट भरा आणि मग आठ दिवस हात लावू नका.

भरायचं कसं, तर बॉयलरच्या खाली चंदेरी जाळीची एक लवचिक नळी असते, दोन्ही टोकांना छोटे कॉक, तिला फिलिंग लूप म्हणतात. काही मॉडेलमध्ये नळी नसते, निळा खटका किंवा प्लास्टिकची चावी असते, तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल नेटवर मिळतं ते बघा. बॉयलर बंद आणि गार असू दे. दोन्हीपैकी एक कॉक पूर्ण उघडा, दुसरा अगदी हळू, पाण्याचा आवाज येईल, काटा १.३ ला आला की दोन्ही घट्ट बंद. मग शक्य असेल तर नळी काढून ठेवा. नियमच तसा आहे, कारण हीटिंगचं घाण पाणी उलटं पिण्याच्या लाइनमध्ये जाऊ नये, पण आपल्या तपासासाठी पण ते बरं, कारण कॉक थोडा लीक असेल तर मेनमधून पाणी आत झिरपत राहतं, वरून भरतंय खालून गळतंय आणि काटा जागचा हलत नाही, तुम्हाला वाटतं सगळं ठीक.

आता रोज दोन आकडे लिहा. सकाळी हीटिंग चालू व्हायच्या आधी गार असतानाचा, आणि रात्री हीटिंग तासभर चालल्यावर गरम असतानाचा. वेळ तीच ठेवा. मी फोनवर काट्याचा फोटोच काढायचो, तारीख-वेळ आपोआप येते. नुसतं "काल दीड होता आज एक आहे" याला अर्थ नाही, काल गरम असताना बघितला असेल आणि आज गार असताना.

आठ दिवसांनी हे आकडे तुम्हाला जवळजवळ पत्ता सांगतात. गार १.३, गरम १.८, दुसऱ्या दिवशी १.२ आणि १.७, असं दोन्ही बरोबरीने खाली सरकत असेल तर कुठंतरी साधी गळती आहे. पण गार असताना १, आणि गरम झाला की पावणेतीन-तीन, आणि सकाळी बघावं तर जवळजवळ शून्य, असं असेल तर गळती शोधत फरशी उकरू नका, ती हवेची उशी गेलीय. आणि काटा आपोआप वर चढत असेल, तेही गार असताना, तर फिलिंग लूपचा कॉक लीक आहे नाहीतर बॉयलरच्या आत नळाच्या पाण्याचं जे छोटं प्लेट हीट एक्स्चेंजर असतं (हीटिंगच्या पाण्याची उष्णता तिथे नळाच्या पाण्याला मिळते) त्याला भोक पडून मेनचं पाणी हीटिंगमध्ये घुसतंय.

रेडिएटरची हवा काढली असेल तर प्रेशर पडणारच, त्याची गणती करू नका, परत भरा आणि वही नव्याने सुरू करा.

ती हवेची उशी

बॉयलरच्या आत (काही घरांत बाहेर, लाल रंगाचा डबा) एक्स्पान्शन व्हेसल असतं. धातूचा डबा, मध्ये रबरी पडदा, एका बाजूला सिस्टीमचं पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. डब्याला सायकलच्या ट्यूबला असतो तसा वॉल्व्ह, गाडीच्या टायरचाच म्हणा. साधारण १०० लिटर पाणी १५ डिग्रीवरून ७५ ला गेलं की सुमारे अडीच लिटरने फुगतं, आणि पाणी दाबून लहान होत नाही, मग ते जादाचं पाणी जाणार कुठे, तर ते पडद्याला ढकलतं आणि हवा दाबली जाते. टायरमधून जशी वर्षभरात हवा थोडी थोडी कमी होते तशी यातली पण होते. हवाच नसेल तर फुगलेल्या पाण्याला जागा नाही, काटा थेट ३ ला, सेफ्टी वॉल्व्ह उघडला, पाणी बाहेर, आणि रात्री गार झाल्यावर सिस्टीममध्ये तेवढं पाणी कमी, म्हणून काटा शून्याला. मग तुम्ही सकाळी भरता, संध्याकाळी परत बाहेर. हे चक्र लोकांनी दोन-दोन हिवाळे चालवलेलं बघितलंय मी.

याच डब्याचं एक छोटं गणित करून बघा म्हणजे गळती दिसत का नाही ते कळेल. डबा ८ लिटरचा, हवा ०.७५ बारने भरलेली. काटा १.५ वर असताना डब्यात साधारण २.४ लिटर पाणी शिरलेलं असतं. म्हणजे काटा १.५ वरून ०.७५ ला यायला तेवढंच पाणी जायला हवं. हे महिन्याभरात झालं तर रोजचं किती, ८० मिली, अर्धा कप चहा. अर्धा कप पाणी चोवीस तासांत, तेही गरम पाइपवर थेंबाथेंबाने! ते खाली पडेपर्यंत वाळून जातं. म्हणून "कुठेच ओल नाही म्हणजे गळती नाही" हे लॉजिक चालत नाही.

आणि याच्या उलट, डब्यात हवा नसेल तर कपभर पाणी गेलं तरी काटा धपकन खाली येतो. एका रेडिएटरची हवा काढताना वाटीभर पाणी बाहेर आलं आणि तेवढ्यात काटा १.५ वरून ०.३ ला आला, तर समजून जा.

दुसरं काम, घराबाहेर चक्कर

बॉयलर ज्या भिंतीवर आहे तिच्या बाहेरच्या बाजूला जा. तांब्याचा एक बारीक पाइप, १५ मिमीचा, बाहेर येऊन परत भिंतीकडे वळलेला दिसेल. तो सेफ्टी वॉल्व्हचा. तो कायम कोरडा पाहिजे. पांढऱ्या प्लास्टिकचा दुसरा पाइप असतो तो कंडेन्सेटचा, त्यातून बॉयलर चालू असताना पाणी येणारच, धुरातली वाफ थंड होऊन झालेलं ते पाणी, त्याला बघून घाबरू नका. नवीन माणूस हमखास या दोघांत गोंधळतो.

तांब्याच्या पाइपाखालच्या भिंतीवर पांढरट-हिरवट ओघळ आहे का बघा. नसला तरी पाइपाच्या तोंडाला सँडविचची छोटी पिशवी रबरबँडने सैलसर अडकवा, रात्रभर ठेवा. घट्ट बांधायची नाही, वॉल्व्ह उघडला तर उकळतं पाणी येतं आणि त्याला वाट पाहिजे. सकाळी पिशवीत चमचाभर पाणी असलं तरी चोर सापडला. एक लक्षात ठेवा, हा वॉल्व्ह एकदा घाण पाण्याने उघडला की बसकणीवर कचरा अडकून परत नीट बसत नाही, म्हणजे नंतर प्रेशर नॉर्मल असतानाही ठिबकत राहतो. त्यामुळे व्हेसलमध्ये नुसती हवा भरून माणूस निघून गेला आणि गळती चालूच राहिली असं होतं. दोन्ही कामं एका भेटीत करायला सांगा.

माझ्याकडे हेच झालं होतं. पहिला आलेला माणूस दहा मिनिटं बॉयलरकडे बघून म्हणाला की वय झालंय, नवीन घ्या, कोटेशन पाठवतो. दुसरा आला त्याने व्हेसलच्या वॉल्व्हची पिन नखाने दाबली, ना हवा ना पाणी, म्हणाला पडदा शाबूत आहे नुसती हवा संपलीय. सिस्टीमचं प्रेशर शून्याला आणलं, पायाने मारायच्या पंपाने हवा भरली, सेफ्टी वॉल्व्ह बदलला, तासाभरात काम झालं. बॉयलर अजून चालतोय. पिन दाबल्यावर पाणी आलं असतं तर मात्र पडदा फाटलेला, मग व्हेसल बदलायचं. (शून्य प्रेशर न करता हवा भरली तर तो आकडा खोटा येतो, पलीकडून पाणी दाबत असतं ना.)

तिसरं काम, टिश्यू घेऊन घरभर

पिशवी कोरडी निघाली तर गळती एक तर पाइप-रेडिएटरमध्ये नाहीतर बॉयलरच्या आत. आधी स्वस्तातलं. सकाळी सगळं गार असताना फिरा, गरम असताना थेंब वाळतो, शिवाय काही जोड गरम झाल्यावर फुगून बंद होतात आणि गार झाल्यावरच गळतात. कोरडा टिश्यू घ्या आणि प्रत्येक रेडिएटरचे दोन्ही खालचे वॉल्व्ह, पाइप जिथे वॉल्व्हमध्ये शिरतो तो नट, वर हवा काढायचा स्क्रू, सगळीकडे टिश्यू गोल फिरवा. नुसता हात लावून कळत नाही, गार धातू ओलाच वाटतो. बाथरूममधला टॉवेल रेल विसरू नका. ओल नसली तरी रंग बघा, पितळेवर हिरवी किंवा पांढरी खपली, रेडिएटरच्या खालच्या शिवणीवर गंजाचा फोड, कार्पेटवर चहासारखा डाग. तांब्याच्या जोडावर मिठासारखं काही साचलं असेल तर तिथे पाणी येऊन वाळतंय.

सगळ्यात जास्त वेळा गळतं ते वॉल्व्हच्या दांड्यापाशी, प्लास्टिकची टोपी काढली की आत छोटा ग्लँड नट असतो. त्याला पान्याने अगदी थोडं, आठवा हिस्सा फेरा, आवळलं की बहुतेक वेळा थांबतं. जोर लावू नका.

आणि फर्निचर हलवा! रीडिंग गावात आमच्या ओळखीच्या एका घरात तीन महिने शोध चालला होता, सगळे रेडिएटर बघून झाले असं छातीठोकपणे सांगत होते, शेवटी पलंग ओढला, मागच्या रेडिएटरसमोर भारतातून आणलेल्या बॅगा रचलेल्या, सगळ्यात खालच्या बॅगेतल्या चादरींना बुरशी. नट आवळायला दोन मिनिटं लागली, चादरी टाकून द्याव्या लागल्या.

चौथं काम, बॉयलर आणि घर वेगळं करणं

काहीच नाही सापडलं तर ही टेस्ट. बॉयलरच्या खाली पाइपांची रांग असते, त्यातले हीटिंगचे जाणारा आणि येणारा असे दोन २२ मिमीचे पाइप बहुतेक वेळा दोन टोकांना असतात, पण अंदाजाने करू नका, मॅन्युअलमधल्या चित्रावरून खात्री करा, मध्ये गॅसचा पण कॉक असतो, त्याला हात नको. बॉयलर स्विचवरून बंद, पूर्ण गार. काटा १.५ ला आणा. दोन्ही हीटिंगचे कॉक बंद करा (सपाट स्क्रूड्रायव्हर किंवा छोटा पाना, खाच पाइपाला आडवी आली की बंद). आकडा लिहा आणि झोपा.

सकाळी काटा उतरला असेल तर गळती बॉयलरच्या बाजूला, सेफ्टी वॉल्व्ह किंवा हीट एक्स्चेंजर. मुख्य हीट एक्स्चेंजर (गॅसच्या आचेने हीटिंगचं पाणी तापतं तो भाग) आतून फुटला तर पाणी कंडेन्सेटच्या पांढऱ्या पाइपातून गटारात जातं, घरात एक थेंब दिसत नाही. म्हणून बॉयलर कित्येक तास बंद असताना पांढरा पाइप ठिबकतोय का बघा, तेव्हा त्याने ठिबकायचं काही कारण नाही. तसं असेल तर खर्चाचं काम आहे, आणि बॉयलर जुना असेल तर तेव्हा नवीन बॉयलरचा विचार मीही करेन.

काटा जागचा हलला नाही आणि कॉक उघडल्यावर खाली आला, तर गळती घराच्या बाजूला. पण तुमचा काटा मुळात आठवड्याला ०.१ ने उतरत असेल तर एका रात्रीत काय दिसणार, अशांनी ही टेस्ट उन्हाळ्यात दोन-तीन दिवस लावा. सगळं झाल्यावर कॉक पूर्ण उघडून मगच बॉयलर चालू. आणि कॉक जाम असेल तर जबरदस्ती नको, दांड्यातून गळायला लागला तर एकाचे दोन लीक होतील.

आता उरतो तो जमिनीखालचा पाइप. वरच्या मजल्यावर लाकडी फळ्या असतात तिथे खालच्या खोलीच्या छतावर पिवळा डाग येतोच कधीतरी. खाली काँक्रीट असेल आणि तांब्याचा पाइप वेष्टण न घालता थेट सिमेंटमध्ये पुरला असेल तर तो बाहेरून खाल्ला जातो, आणि वरून काहीच कळत नाही. अनवाणी फिरताना एखाद्या जागी फरशी विनाकारण उबदार लागली तर ती जागा लक्षात ठेवा. (चप्पल घरात न घालण्याचा हा एक फायदा.) इथून पुढे गळती शोधणाऱ्यांचं काम, ते थर्मल कॅमेरा आणतात, पाइपात गॅस सोडून वर यंत्राने हुंगतात. त्यांना बोलवायच्या आधी घराच्या इन्शुरन्सचे कागद काढा आणि ट्रेस अँड ॲक्सेस नावाचं कव्हर आहे का बघा, असेल तर शोधायचा आणि फरशी फोडायचा खर्च त्यात बसू शकतो.

लीक सीलर म्हणून बाटली मिळते, फर्नॉक्स एफ४ वगैरे, सिस्टीममध्ये ओतायची आणि बारीक भोक आतून बुजतं. माझं मत विचाराल तर जमिनीखाली बारीक गळती आहे हे पक्कं झाल्यावर एकदा वापरून बघायला हरकत नाही, पण पहिल्या दिवशी ओतू नका. व्हेसलची हवा गेली असेल तर बाटलीने काय होणार.

आणि ज्यांना वाटतं की एवढं कशाला, दर रविवारी भरू की थोडं पाणी, त्यांच्यासाठी. नवीन पाण्यासोबत नवीन ऑक्सिजन आत जातो. जुन्या पाण्यातला ऑक्सिजन संपलेला असतो म्हणून ते लोखंडी रेडिएटर खात नाही, ताजं खातं. त्यातून काळा गाळ होतो, रेडिएटर खालून गार राहतात, पंप अडकतो, आणि गंजरोधक म्हणून जो इनहिबिटर घातलेला असतो तो दर भरणीला पातळ होतो. अर्धा कप गळतीने घर बुडत नाही, पण त्या रविवारच्या सवयीने बॉयलर मरतो.

इंजिनिअरला फोन कराल तेव्हा "प्रेशर जातंय" एवढंच म्हणू नका. गार १.३, गरम २.८, तांब्याच्या पाइपाच्या पिशवीत पाणी, असं सांगा, म्हणजे तो येताना सेफ्टी वॉल्व्ह घेऊनच येतो आणि दुसऱ्या भेटीचे पैसे वाचतात. दुरुस्तीनंतर इनहिबिटर नव्याने घालून घ्या आणि काटा गार असताना १.३ वर ठेवून तारीख लिहा. मी बॉयलरच्या शेजारी मास्किंग टेप चिकटवून त्यावर लिहितो, दर वेळी पाणी भरलं की एक तारीख. पहिल्या वर्षी टेप पुरली नव्हती. आत्ताच्या टेपवर दोनच तारखा आहेत, आणि दोन्ही वेळा मीच रेडिएटरची हवा काढली होती.